शेवऱ्याची तरतूद

माणसानं बजेट वाचावं, पर बायकोला ऐकवू नये. आमचे हे, सिद्धेश्वरअप्पा, दरसाल ऐकवतात. राज्याचं बजेट आलं की दुसऱ्या दिवशी आमच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर पेपर पसरून बसायचं. साबण न्यायला आलेल्या माणसाला रस्ते, पाटबंधारे, आरोग्य सगळं उलगडून सांगायचं, मगच साबण द्यायचा. गिऱ्हाईक बिचारं व्हय व्हय करतंय आणि मी आतून ओरडतेय, "अवो, त्याचं लेकरू घरी बिनआंघोळीचं बसलंय, सोडा त्याला!"

त्या साली लातूर नवा जिल्हा झालेला. झोपताना आम्ही उस्मानाबादचे होतो, उठलो ते लातूरचे. ह्यांनी पेढे वाटले. पाऊस मात्र ना जुन्या जिल्ह्यात पडला ना नव्या. मार्चातच विहिरींनी बूड दाखवलं, कडबा पैसे टाकूनही मिळेना, आणि आमचा शेवऱ्या हडकत चालला.

शेवऱ्या म्हणजे गावाचा वळू. अस्सल देवणी जातीचा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. वासरू असतानाच महादेवाला सोडलेला, म्हणून कुणाच्या दावणीचा न्हाई. गावातली निम्मी वासरं त्याचीच. सकाळची पहिली भाकर तो आमच्या दारात खायचा, माझ्या हातानं. मला लेकरू न्हाई. लोक म्हणायचे, बसम्माचा थोरला आला बघा. म्हणेनात का, मला गोड वाटायचं.

तर त्या बजेटात ह्यांना एक ओळ सापडली. नव्या जिल्ह्यासाठी 'देवणी गोवंश संवर्धन'. ह्यांनी ओट्यावरनंच हाक मारली, "बसम्मा, तुझ्या थोरल्याचं नाव आलं बघ बजेटात!" मी पिठाच्या हातानं धावत आले.

"चारा किती दिलाय?"

पेपरात तेवढं नव्हतं. हे दुकान माझ्यावर टाकून लातूरला गेले आणि त्या प्रस्तावाचा तपशीलच घेऊन आले. त्यात इमारत होती, जीप होती, टेबलखुर्च्या, तज्ज्ञांचा परिसंवाद आणि फाटकावर लावायचा रंगीत बोर्ड. चारा सगळ्यात खाली होता. त्याच्यापुढं लिहिलेलं, 'आवश्यकतेनुसार'.

"आता आवश्यकता कशी दाखवायची? बरगड्या मोजून द्यायच्या?"

"अगं, प्रस्तावच हाय अजून. अर्ज करता येतो. आणि पुरवणी मागणीत…"

"पुरवणी घाला खड्ड्यात! त्याला आज काय घालू ते सांगा."

अर्ज करायला घेतला. पर चाऱ्याचा अर्ज जनावराच्या मालकानंच करायचा म्हणे. झाली का पंचाईत! देवाला सोडलेल्या वळूला मालक कुठला? सरपंच किशनराव मागं सरला. पुजाऱ्यानं कानावर हात ठेवले. ह्यांना म्हटलं, तुमचं लावा, तर म्हणतात, "शिव शिव, हात झडतील माझे." मग ह्यांच्याच सुपीक डोक्यातनं निघालं, की देवळाची इनाम जमीन महादेवाच्या नावावर चालते, सातबाऱ्यावर देवाचं नाव हाय, मग वळू का चालू नये? सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? लिहिलं, मालक श्री महादेव, राहणार वेशीबाहेर.

मग सुरू झाले हेलपाटे. नव्या जिल्ह्यात म्हणायचे, आमच्याकडं जुने कागद आले न्हाईत. जुन्या जिल्ह्यात म्हणायचे, आम्ही कधीच पाठवले. शेवटी एकदाचं उत्तर आलं, 'मालकाने ओळख पटवण्यासाठी समक्ष हजर राहावे.'

मी कपाळ बडवून घेतलं. "न्या आता पिंड उचलून एसटीत! अर्धं तिकीट काढा!"

मग मीच गेले. वळू माझा म्हणून सही ठोकली. गावातल्या बायका पाण्यावर माझ्याशी बोलेनात, म्हणे बसम्मानं देवाचं लाटलं. काय लाटलं बाई! घरातला भुसा संपला होता, छपराचं जुनं गवत उपसून झालं होतं, दुकानातली पेंडसुद्धा संपली होती. एक दिवस बघते तर हे मागल्या दारी शेवऱ्यापुढं बसलेले. सालभर जपलेले पेपर गुळाच्या पाण्यात भिजवून त्याला चारत होते. बजेटचासुद्धा. मी आल्या पावली माघारी फिरले. भांडायला काही उरलंच नव्हतं.

आणि मग साहेब आला. नव्या कोऱ्या जीपमधनं. म्हणजे ती मंजूर झाली होती. सोबत फोटोवाला. शेवऱ्या देवळापुढं बसलेला. कालपासनं उठला नव्हता.

"चारा आणला का?" मी विचारलं.

"आधी पाहणी, मग मंजुरी. आणि फोटो पाहिजे. ऑफिसच्या बोर्डासाठी अस्सल देवणी शोधतोय आम्ही. जरा उभा करा त्याला."

माझं डोस्कंच फिरलं. "उभा करा? अवो, देवापुढचा नंदी बसलेलाच असतो! त्याला कुणी ऊठ म्हणतं का? काढा असाच!"

"बसलेला चालत नाही, बाई. पूर्ण उंची दिसायला पाहिजे."

हे पुढं झाले. माझ्याकडं न बघता शेवऱ्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "ऊठ बाबा. चारा येतोय." शेवऱ्यानं मान वळवून माझ्या हाताकडं बघितलं. त्याला वाटलं, भाकर हाय. त्यानं जोर केला, मागचे पाय उचलले. पुढचे उचलेनात. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. माझा हात रिकामा होता हो.

चारा आला. ट्रक भरून आला, पावतीवर माझं नाव. तोवर शेवऱ्याला देवळामागं पुरून माती दबलीसुद्धा होती. मी तो चारा त्याच्या वासरांना वाटला. न्यायला त्याच बायका आल्या.

पुढच्या साली लातूरला गेलो तेव्हा हे मला ते ऑफिस दाखवायला घेऊन गेले. मी नको म्हणत होते. इमारत झकास. फाटकावर रंगीत बोर्ड, 'देवणी गोवंश संवर्धन'. त्यावर उंचापुरा बैल, पांढराशुभ्र, लांब शिंगांचा. ठिपका एक न्हाई अंगावर. आमच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल, तो देवणी न्हाई, खिल्लार हाय.

ह्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावून बघितलं.

"उभा हाय खरा," म्हणाले.