कप्तानाचा टोप

मी टोप बोलतोय. लढाईतला नव्हे. न्यू मेक्सिकोतल्या आनास्तासियो नावाच्या कारागिराने डब्याचा पत्रा ठोकून मला घडवलं, ते जिल्ह्याच्या जत्रेसाठी. तिथे दरवर्षी पहिल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांची मिरवणूक निघते. म्हातारा बेनिग्नो आर्चुलेता मला डोक्यावर चढवून कप्तान होतो आणि घोड्यावर बसतो. एरवी मी तबेल्यात खुंटीला असतो. गांधीलमाश्या माझ्यात घर करतात.

त्याची थोरली बहीण एदुविखेन मिरवणुकीत कप्तानाची बायको व्हायची. काळी जाळीची ओढणी घेऊन गाडीत ऐटीत बसायची. गेल्या जत्रेत मात्र गाडी रिकामीच निघाली.

"ताईचं नटणं काही संपत नाही!" बेनिग्नो कुरकुरला.

चर्चपाशी वाजंत्री अचानक थांबली. बेनिग्नोने मागे पाहिलं आणि मी त्याच्या डोक्यावर डळमळलो. घोड्यामागून एदुविखेन चालत येत होती. अनवाणी, अंगावर जाडंभरडं घोंगडं, दोन्ही मनगटं दोरीने बांधलेली. दोरीचं टोक तिने त्याच्यापुढे केलं.

"धर."

"ताई, हे काय सोंग?"

"सोंग तुझं, बाबा. मी आपली पणजी झालेय. ती इथल्या मूळ आदिवासींची पोर. पोरवयात तिला डोंगरातून पकडून आणलं आणि आर्चुलेतांच्या घरात गुलाम म्हणून राबवलं. आई जाताना मला सांगून गेली."

"अगं, पण सगळ्यांसमोर?"

"कप्तान काय लपूनछपून निघतो?"

"म्हातारीला घरी न्या रे!" कुणीतरी ओरडलं. पण तिला न्यायला कुणी पुढे झालं नाही. बेनिग्नोचा गार घाम माझ्या पत्र्याला लागला. इतकी वर्षं मी टाळ्याच ऐकल्या होत्या. अशी शांतता कधी ऐकली नव्हती.

तो कसाबसा उतरला. मला काढून खोगिराला अडकवलं. गाठ सोडायला गेला, पण ती घट्ट बसली होती. शेवटी त्याने ती दातांनी सोडवली.

"नाव काय होतं तिचं?"

"आईलाही ठाऊक नव्हतं."

त्याचा चेहरा पडला. मग बहिणीचा हात धरून तो मिरवणुकीच्या पुढे चालू लागला. घोड्यावर एकटा मीच.

आता पुन्हा जत्रा आलीय. बेनिग्नो येतो, माझ्यावरची धूळ पुसतो आणि तसाच परत जातो. मला घालायचं की नाही, ते त्याने ठरवावं. माझं मागणं एवढंच, की माझ्यामागे त्या बिननावाच्या पणजीला जागा ठेवा. नाही, मागे नको. पुढे ठेवा.