तक्त्याची उजवी बाजू

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर मी नेमका कुणाचा हे मला अजून कळलेलं नाही. माझ्यावर एका माणसाचं पोट उघडं करून दाखवलेलं आहे. त्या माणसाला नाव नाही, पण त्याच्या पोटातल्या प्रत्येक वस्तूला आहे. अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, लहान आतडे, मोठे आतडे आणि खाली एका कोपऱ्यात, गांडुळाएवढं, आंत्रपुच्छ. एवढी भारदस्त नावं अंगावर घेऊन मी छापखान्यातून निघालो. त्यांतल्या एकाचंही काम काय, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. वर-खाली लाकडी दांड्या ठोकल्या, टांगायला सुतळी बांधली आणि केली रवानगी.

मी आलो ताडकळसच्या एका शाळेत. तिथल्या अनुपमा बाईंनी पहिल्याच दिवशी मला बुचकळ्यात टाकलं. भिंतीला चांगला खिळा असताना त्यांनी सुकेशनी नावाच्या एका किडकिडीत पोरीला पुढं बोलावलं आणि मला चक्क तिच्या गळ्यात अडकवलं. सगळा वर्ग खो खो हसला. पोरगी लाजली. माझ्या मागं तिचं पोट भुकेनं गुरगुरत होतं, ते मला स्पष्ट जाणवलं. बाई काहीतरी समजावत होत्या, पण हसण्याच्या गलक्यात मला एक शब्द ऐकू आला नाही. मला वाटलं, आपली थट्टा चाललीय. त्या दिवसाचा राग मी कितीतरी वर्षं धरून होतो.

पुढं अनुपमा बाई निवृत्त झाल्या, शाळेत पडद्यावर हलणारी चित्रं आली आणि मी रद्दीच्या ढिगात गेलो. तिथून मला उचललं रामलिंग अप्पांनी. अप्पांचं गावात किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात कायम कसला तरी सल्ला. दुकानाच्या भिंतीला ओल आली होती, ती झाकायला त्यांना काहीतरी हवंच होतं.

ओल झाकता झाकता मी वैद्यकीला कधी लागलो, ते माझं मलाच समजलं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अप्पा, पोटात मुरडा मारायलाय." अप्पा लगेच फूटपट्टी घेऊन माझ्याकडं वळायचे. कुणाच्या पोटात गोळा उठायचा, कुणाचा कोठा जड व्हायचा. मी स्वतःला वरपासून खालपर्यंत तपासायचो. मुरडा, गोळा, कोठा, यांतलं एकही नाव माझ्यावर नव्हतं! माझी नावं खरी की त्यांची दुखणी खरी? अप्पांना असला प्रश्न कधी पडला नाही. माझ्या कुठल्याही भागावर पट्टी टेकवायची आणि ओव्याची पुडी बांधायची, हा त्यांचा इलाज. ओवा बिचारा निरुपद्रवी, त्यामुळं सगळं निभावून गेलं. "अप्पांना पोटातलं लय कळतं," असं लोक म्हणू लागले. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

मग गेल्या वर्षीची ती सकाळ आली.

दुकानाच्या मागंच अप्पांचं घर. मधलं दार उघडं असलं की मला माजघर दिसतं. अप्पांची बायको नीलम्मा पहाटेपासून बेंबीशी हात धरून बसली होती. तिला दोनदा उलटी झाली. दहाच्या सुमारास ती भिंतीला धरून दुकानात आली. दुखणं आता बेंबी सोडून खाली उजव्या बाजूला उतरलं होतं.

"लय दुखायलंय हो. अपेंडिक्स तर नसंल?" ती म्हणाली. तिच्या बहिणीचं त्याच दुखण्याचं ऑपरेशन झालं होतं.

अप्पांनी फूटपट्टी उचलली. "अगं, खुळी का काय तू? हे बग. अपेंडिक्स म्हंजे हे आंत्रपुच्छ, ते इकडं, डाव्या अंगाला. तुझं दुखायलंय उजवीकडं. उजवीकडं काय हाय? मोठं आतडं! तुंबलंय ते, दुसरं काय न्हाई. एरंडेल घे, सांजपत्तुर मोकळी व्हशील."

मी गोंधळलो. आंत्रपुच्छ अप्पांच्या डाव्या हाताला होतं, हे खरंच. पण माझ्या कुठल्या बाजूला होतं? मला हात नाहीत, उजवा नाही की डावा नाही. काहीतरी चुकतंय एवढंच मला वाटत होतं. काय ते कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी सांगणार कुणाला?

अप्पांनी गरम चहात एरंडेल ओतलं. नीलम्मानं कप हातात घेतला आणि खाली ठेवला.

"आजून पूजा न्हाई झाली माजी."

लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. अप्पांचाही तोच नेम, त्यामुळं ते तिला पी म्हणू शकले नाहीत. ती माजघरात गेली, गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, पण तिला ताठ बसताच येईना. मंत्र अर्ध्यावर थांबे, ती कण्हे, पुन्हा सुरू करी. कपातल्या चहावर तेलाचा तवंग धरला. मी त्या कपाकडं डोळे लावून बसलो होतो. पूजा लवकर होऊ दे म्हणू की होऊच नको दे म्हणू, हेच मला उमजेना.

तेवढ्यात चहापत्ती घ्यायला गावची आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी सरकारी आरोग्य कार्यकर्ती, आली. "काकू का कण्हायल्यात?" तिनं विचारलं. अप्पांनी मोठ्या ऐटीत फूटपट्टीनं सगळं समजावलं. आशाताई माझ्याकडं बघतच राहिली. मीही तिला ओळखलं. तीच ती किडकिडीत पोरगी, सुकेशनी!

तिनं मला खिळ्यावरून काढलं, माजघरात नेलं आणि नीलम्माच्या गळ्यात अडकवलं.

"अप्पा, आता बगा. आंत्रपुच्छ कुठं आलं? आन् काकूंचा हात कुठं हाय?"

नीलम्माचा हात माझ्या आंत्रपुच्छावर होता. अगदी नेमका. तिच्या अंगातला ताप मला जाणवला.

"चित्रातला माणूस आपल्याकडं तोंड करून हुबा असतो, अप्पा. त्याची उजवी ती आपल्या डाव्या हाताला येती. आमच्या बाईंनी मला असंच उभं करून शिकवलं व्हतं."

अप्पांच्या हातातली फूटपट्टी गळून पडली. "म्हंजे इतकी वर्सं मी उलटंच वाचायलो व्हतो?"

"ते मागनं बगू. पाण्याचा थेंब देऊ नका त्यांना. गाडी बोलवा."

घाईघाईत मला काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. नीलम्माच्या गळ्यात लटकत मी थेट परभणीला गेलो. दवाखान्याच्या दारात एका नर्सनं मला उतरवलं आणि अप्पांच्या मांडीवर ठेवलं. नीलम्माला आत नेलं. अप्पा बाकावर बसून मला उघडत होते, गुंडाळत होते, पुन्हा उघडत होते. "उजवी कुठली ते लिवायचं तरी व्हतं रे तुज्यावर," ते पुटपुटले आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या जठरावर पडलं. तो डाग अजून आहे. मला माझीच लाज वाटली, मित्रांनो.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. फुटायच्या बेतात होतं, म्हणाले, वेळेवर आणलंत. एरंडेल पोटात गेलं असतं तर आतच फुटलं असतं. अप्पांनी तिथल्या तिथं फरशीवर डोकं टेकलं.

पंधरा दिवसांनी नीलम्मा दुकानात आली. ओलं फडकं घेऊन तिनं माझ्यावरची धूळ पुसली. कितीतरी वर्षांनी मला कुणी पुसत होतं. आंत्रपुच्छाशी येऊन तिचा हात थांबला.

"तुजं हाय व्हय आजून?" ती हळूच म्हणाली. "माजं काढलं बग."

आता मी तिच्या पोटाचंही चित्र राहिलेलो नाही. मग मी कुणाचा? मित्रांनो, मला खरंच माहीत नाही. म्हणून एवढंच मागतो. मला पुसा, जपा, माझ्यावरची नावं शिका. पण कुणाचं पोट दुखलं तर माझ्याकडं धावू नका. त्या माणसाला विचारा, कुठं दुखतं, आणि तो हात ठेवेल तिथं हात ठेवून त्याला दवाखान्यात घेऊन जा.