तीनशे बार

लेथवर धोंडीरामच्या हातून सूतभरही चूक व्हायची नाही, हे उद्यमनगरात कुणीही सांगेल. त्याच्या कानांबद्दल मात्र कुणी हमी दिली नव्हती.

त्याची लेक श्रुती विद्यापीठात पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करते. कार्बन डायऑक्साइड भरपूर दाबून जरासा तापवला की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. तसा तो घाण पाण्यातून सोडला की पाण्यातलं तेल, रॉकेल ओढून घेतो. नंतर दाब काढला की स्वतः उडून जातो आणि घाण तेवढी मागं उरते. त्यासाठी घट्ट झाकणाचं जाड पोलादी भांडं लागतं. परदेशातून ते यायला आठ महिने लागणार होते आणि श्रुतीची मुदत चारच महिन्यांत संपत होती. "आमचे आण्णा करतील," असं ती आपल्या मार्गदर्शक कालिंदीमॅडमना सांगून बसली होती.

धोंडीरामनं ड्रॉइंगबरहुकूम भांडं कातलं. श्रुतीनं फोनवर बजावलं, "आण्णा, तीनशे बार टिकाय पायजे हं." आता धोंडीरामनं जन्मभर दाब मोजला तो किलोत. त्यानं आपला सरळ अर्थ लावला, तीनशे बार म्हणजे तीनशे वेळा. मग तीन दिवस त्यानं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. कुठं आटा अडला की घासून गुळगुळीत केला. दर खेपेला भिंतीवर खडूची एक रेघ ओढली.

भांडं न्यायला आलेली श्रुती भिंतीकडं बघतच राहिली.

"ह्ये काय वो आण्णा?"

"तीनशे बार. मोज की!"

"अवो, बार म्हंजे दाब! गाडीच्या चाकात असतोय, त्याच्या शंभरपट!"

धोंडीरामचं तोंड एवढंसं झालं. भांडं गळलं, तर मॅडमसमोर लेकीचा शब्द खाली पडणार होता.

प्रयोगशाळेत आधी नुसतं पाणी भरून पंपानं दाब चढवला. सगळे काट्याकडं बघत होते, हा एकटा झाकणाच्या सांध्याकडं. शंभर झाले, दोनशे झाले. तीनशेवर काटा तासभर उभा राहिला, पण सांध्याला साधा ओलावा आला नाही.

मग खरं पाणी भरलं. ते धोंडीरामच्याच शॉपमागच्या बोअरचं होतं. तीस वर्षं सुटे भाग रॉकेलात धुऊन त्यानंच ते रॉकेल तिथं जमिनीवर ओतलं होतं, त्यामुळं पाण्याला भपकन वास यायचा. दुपारी श्रुतीनं बाहेर आलेल्या पाण्याचा ग्लास त्याच्या नाकाशी धरला. त्यानं दोनदा हुंगलं. वास नव्हता. माझ्या हातची घाण माझ्या लेकीनं काढली आणि तीही माझ्याच भांड्यात, या विचारानं त्याचा ऊर भरून आला.

मॅडम झाकणावरून हात फिरवत होत्या. "बाहेरून आणलेलं आमचं मागचं झाकण पन्नासदा उघडलं आणि गळायला लागलं. हे किती वेळा उघडलं तर चालेल हो?"

धोंडीरामनं श्रुतीकडं पाहिलं. ती तोंडावर हात धरून आधीच हसत होती.

"तीनशे बार," तो छाती काढून म्हणाला. "मोजल्यात की मी!"