मल्लव्वाच्या नावाची बादली

श्रावण लागला की मल्लव्वाचं जेवण सुटायचं. ताट समोर यायचं, ती भाकरी चिवडत बसायची आणि नजर सगळी फ्लॅटच्या दाराकडं. बेल वाजली की चौऱ्याऐंशी वर्षांची ही बाई सगळ्यांच्या आधी उठणार. कुरियरवाला असो नाहीतर गॅसवाला, तिचा प्रश्न ठरलेला, "अक्का आली काय रं?" आता कुरियरवाल्यानं काय सांगायचं, कप्पाळ! तो पार्सल टेकवून जिना गाठायचा.

ह्या श्रावणात मात्र हद्द झाली. नात शिवांजली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आपल्या चष्म्याच्या दुकानात होती. फोन आला की तुमची म्हातारी शुक्रवार पेठेत एका मोबाइलच्या दुकानासमोर उभी आहे, हलायला तयार नाही. त्या जागी पूर्वी त्यांचं घर होतं. शिवांजली धावत गेली. मल्लव्वा उन्हात उभी, पायात चप्पल नाही, आणि हातात सूप. सुपात ज्वारी, ज्वारीवर खोबऱ्याची वाटी. दुकानातली पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. शिवांजलीनं त्या पोरांना अशा काही शिव्या हासडल्या, की शेजारचा पानवालासुद्धा बघत राहिला. मग आजीला रिक्षात घातलं आणि रिक्षात बसल्यावर स्वतःच रडायला लागली. आई आधीच गेलेली, बाप शिवप्रसाद करोनात गेला. जगात तिचं म्हणावं असं एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि तेही हातातनं निसटायला लागलेलं.

"आजी, मी हुडकते तुझ्या अक्काला. पण तू जेव बाई," ती म्हणाली.

मल्लव्वानं तिचा हात घट्ट धरला. "हुडीक. जिती हाय का मेली, तेवढं तरी कळू दे मला."

अक्का म्हणजे मल्लव्वाची थोरली बहीण गंगव्वा. शिवांजलीला एवढंच ठाऊक, की तिला लहानपणीच गडहिंग्लजकडं दिली होती. पुढं काय झालं, हे घरात कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. फोटो नाही, रेशनकार्डावर नाव नाही. पण एक माणूस होता, ज्याच्याकडं सगळ्यांच्या सात पिढ्या लिहिलेल्या असतात. हेळवी.

हेळवी पूर्वी नंदीवर बसून यायचा, दारात वंशावळ म्हणायचा आणि धान्य, कपडे घेऊन पुढच्या घरी जायचा. आता रुद्राप्पा हेळवी मारुती व्हॅन घेऊन येतो. सोसायटीच्या वॉचमननं त्याला गेटवरच अडवलं, "ओ पावणं, गाडी हितं न्हाई लावायची!" रुद्राप्पानं उलट त्यालाच त्याच्या गावाचं नाव विचारलं आणि त्याच्या पणज्याचं नाव सांगून टाकलं. वॉचमननं गेट उघडलं. गाडी आत.

रुद्राप्पानं घोंगडं अंथरलं, पोथी उघडली आणि सूर लावला. मूळगाव कुठलं, तिथनं कोण कुठं गेला, कुणाला किती मुलगे, सगळं धडाधडा. मल्लव्वाच्या माहेरचं पान त्याच्या चुलतभावाकडं होतं, ते त्यानं मोबाइलवर मागवून घेतलं. त्यात मल्लव्वाचे वडील होते, दोघे भाऊ होते. गंगव्वा नव्हती.

"पोरी म्हायारच्या पानावर नसत्यात, ताई. त्या सासरच्या पानावर."

"मग सासरचं बघा की."

सासरचं पानही आलं. गंगव्वाच्या नवऱ्याचं नाव होतं, त्याच्यापुढं बायको म्हणून दुसरीच कुणीतरी आणि तिचे तीन मुलगे. शिवांजलीनं तो फोटो मोठा करून करून पाहिला.

"हे कसलं तुमचं लिवणं!" ती उखडलीच. "सात पिढ्यांतला एक बापय चुकला न्हाई तुम्हाला, आन एक जिती बाई दोन्ही घरांतनं गायब?"

रुद्राप्पानं पोथी मिटली. त्यालाही वाईट वाटलं असावं. "पोटी पोरगा न्हाई तर नाव न्हाई, अशी रीत हुती. मी केलेली न्हाई ती," तो म्हणाला. "पण सासरनं टाकलेल्या आन म्हायारनं न घेतलेल्या बाया आमच्याकडं कुटं जायच्या, ते सांगतो. मठात. त्या गावाजवळ एक लहान मठ हाय. तिथं इचारा."

दुसऱ्या दिवशी शिवांजलीनं दुकानाला कुलूप लावलं आणि गडहिंग्लजची एस.टी. धरली. आजीला शेजारणीकडं बसवलं होतं. निघताना मल्लव्वा दारातनं बघत राहिली.

मठ लहानच होता. मागं स्वयंपाकाची पडवी, तिथं बाळाबाई नावाची बाई भाताचा निवद काढत होती. गंगव्वाचं नाव काढताच तिनं हातातला झारा खाली ठेवला.

"तुमी कोण तिच्या?"

"माझी आजी तिची धाकटी बहीण."

"तंगी?" कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात ते म्हणताना बाळाबाईचा आवाजच बदलला. "गंगव्वा तंगी तंगी करायची, त्या तंगीची नात तुमी? आवं, बसा की!"

मग तिनं सांगितलं. पोर होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि गंगव्वाला बाहेर काढलं. ती चालत माहेरी आली. माहेरी त्याच वेळी मल्लव्वाची सोयरीक ठरलेली. टाकलेली थोरली घरात दिसली तर धाकटीला कोण करून घेणार? बापानं दारातच अडवलं. गंगव्वानं भांडण केलं नाही, रडारड केली नाही. तंगीचं लगीन मोडायला नको म्हणून आल्या पावली फिरली आणि मठात येऊन स्वयंपाकाला लागली. जन्म गेला तिचा त्या चुलीपुढं.

"तिला गेल्याली लई वर्सं झाली," बाळाबाई म्हणाली. "पण एक सांगू? श्रावणात मठाच्या बाया भिक्षेला कोल्हापुराला जायच्या. बाकीच्या धा घरं फिरायच्या. ही एकाच घरी जायची. शुक्रवार पेठंत, तेलाच्या घाण्याशेजारी, निळं दार. घरची बाई सूप भरून ज्वारी घालायची, वर खोबऱ्याची वाटी. ही पदरात घ्यायची आन माघारी. बोलणं काय न्हाई."

निळं दार. त्या दाराच्या कडीला लोंबकळत शिवांजली लहानाची मोठी झाली होती. आणि ती बाई तिला आठवत होती! श्रावणात यायची, डोईवरचा पदर कधी वर करायची नाही. तिला भिक्षा घालायला आजी दुसऱ्या कुणाला उठू द्यायची नाही. शिवांजलीच्या आईनं एकदा सूप हातात घेतलं तर आजीनं हिसकावून घेतलं होतं. कोण गं ती, असं विचारलं तर आजी म्हणायची, मठाची बाई.

म्हणजे आजीला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

"मग यायची बंद का झाली?" शिवांजलीनं विचारलं खरं, पण विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

"एका वर्साला गेली आन रिकाम्या पदरानं आली. म्हणाली, घर पाडलंय, घाणा बी न्हाई, नुसता खड्डा हाय. कुणाला इचारावं तर कोण म्हणून इचारायचं? लई रडली वो. हितं खांबाला टेकून बसली ती उठंचना." बाळाबाईनं डोळे पुसले आणि मांडणीवरनं स्टीलची वाढपाची बादली काढून पुढं ठेवली. "मग पायातली चांदीची जोडवी मोडून ही दिली मठाला. आजबी आमटी हिच्यातनंच वाढतो आमी."

बादलीच्या काठाखाली अक्षरं कोरलेली होती. शिवांजलीनं पदराच्या टोकानं आमटीचा ओघळ पुसला आणि वाचलं.

लिं. मल्लव्वा हिच्या स्मरणार्थ. गंगव्वा.

लिंगायतांत माणूस गेलं की नावाआधी लिं. लागतं. शिवांजलीच्या घरात बापाच्या फोटोखाली तसंच लिहिलेलं आहे. आणि इथं ते तिच्या जित्या आजीच्या नावाआधी कोरलेलं होतं. त्या आजीनं सकाळीच चहात पाव बुडवून खाल्ला होता.

शिवांजलीला रडायलाही येईना. तिला आपल्या बापाचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आला त्याला काय करायचं! बिल्डरची घाई होती, तर आजी किती विनवत होती, "शिवा, श्रावण जाऊ दे, मग जाऊ." बाप म्हणाला, म्हातारीचं काहीतरीच असतंय. आषाढातच सामान हललं. फ्लॅटवर आल्यावर पहिल्याच श्रावणात आजी रोज म्हणायची, मला पेठेत ने. बाप म्हणायचा, आता काय हाय तिथं, माती? आणि आपण तरी काय केलं? आपण कॉलेजात जात होतो, नव्या फ्लॅटला गॅलरी आहे म्हणून खूश होतो.

बाळाबाईनं बादली नेऊ दिली. "दावा तिला. आन माघारी आणा, मठाची हाय," एवढंच म्हणाली.

एस.टी.त बादली मांडीवर घेऊन शिवांजली सगळा रस्ता एकच गोष्ट घोकत होती. अक्का गेली हे सांगायचं. लिं. सांगायचं नाही. आजीला कुठं वाचता येतं!

मल्लव्वा दारातच बसली होती. शिवांजली तिच्यापुढं फरशीवर बसली.

"आजी, अक्का गेली गं. लई वर्षं झाली."

मल्लव्वानं मान हलवली. "मला वाटलंच हुतं."

"तू तिच्याशी बोलली का न्हाईस? एवढी वर्षं दारात येत होती ती!"

"अप्पानं शपथ घातलीती," मल्लव्वा म्हणाली. "गंगीसंगं बोलशीला तर माझं मेलेलं त्वांड बगशीला म्हणून. बोलायची शपथ हुती. द्यायची न्हवती. म्हणून देत हुते."

"पण अप्पा गेले की कधीच!"

"शपथ सुटली म्हणायच्या आधीच गेला गं त्यो. मग कुणाकडनं सोडवून घ्यायची?" मल्लव्वा म्हणाली. "माझ्यापायी तिचं घर गेलं. आन मी तिला अक्का म्हणून एक हाक न्हाई मारली. माझ्या हातात आसलं तेवढं सुपात घालत हुते, दुसरं काय करू?"

शिवांजलीनं बादली तिच्या मांडीवर ठेवली. "अक्कानं मठाला दिलेली." मल्लव्वानं काठाखाली बोटं फिरवली, तिला अक्षरं लागली.

"काय लिवलंय?"

"तुझं नाव हाय. आन तिचं."

मल्लव्वाची बोटं थांबली. मठाला दिलेली भांडी तिनं जन्मभर पाहिली होती. "दान दिल्याल्या भांड्यावर दोन नावं आसली तर एक देणाऱ्याचं आसतंय आन एक मेलेल्याचं," ती हळूच म्हणाली. "अक्कानं दिलीया न्हवं ही? मग मेलेली कोण?"

घोकून आणलेलं शिवांजलीला रेटवेना. तिनं आजीच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"तू, आजी."

म्हातारी त्या अक्षरांवरनं पुन्हा बोट फिरवत राहिली. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि गेली.

"म्हंजे घर पाडल्यावर बी ती आलती," मल्लव्वा म्हणाली.

"व्हय."

"आन तिला वाटलं, मी मेले."

"व्हय गं आजी, व्हय."

मल्लव्वानं बादली छातीशी धरली आणि मग तिचा बांध फुटला. रडता रडता ती नातीच्या डोक्यावरनं हात फिरवत राहिली.

"बरं झालं गं बाई," ती म्हणाली. "मला इतकी वर्सं वाटत हुतं, तिला वाटलं आसंल, तंगीनं दार लावून घेतलं."