तक्त्यातली चिमणी

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. भिंतीवर टांगतात तसला नव्हे, संगणकातला. आडव्या ओळी, उभे रकाने आणि चौकोनाचौकोनात कुणीतरी जपून भरलेली माहिती, एवढंच माझं अंग. मला तोंड नाही. इतर वेळी त्याचं मला काही वाटत नाही, पण एका सकाळी ते नव्हतं म्हणून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. ती सकाळ अजून माझी पाठ सोडत नाही.

माझा जन्म एका सुट्या मालाच्या दुकानात झाला. पोत्यातून, डब्यातून माल यायचा. मालक तो लहान पुड्यांत भरायचे आणि चिठ्ठी लावून विकायचे. पिठं, डाळी, सुका मेवा, मुलांसाठी भाजलेल्या ओटचं मिश्रण. मालाची नोंद ठेवणाऱ्या ताईंनी मला घडवलं. पहिल्या रकान्यात नाव, मग पोत्याचं वजन, मग कोणत्या फळीवर ठेवायचं ते. आणि शेवटी एक रकाना, जो कुणीच मागितला नव्हता : शेंगदाणा आहे की नाही.

तो रकाना ताईंच्या मुलीमुळे आला. कुणीतरी कौतुकानं दिलेलं एक बिस्किट तिनं खाल्लं आणि बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. त्यात शेंगदाणा होता. तेव्हापासून ताई प्रत्येक पोत्यावरचं बारीक अक्षर डोळ्यांजवळ धरून वाचत आणि मगच माझ्या त्या रकान्यात 'आहे' किंवा 'नाही' लिहीत.

माझ्यात एक ओळ मात्र मालाची नव्हती. नाव : चिमणी. वजन : अकरा किलो. फळी : पाळणाघर. शेंगदाणा : नाही. ही त्यांची लेक. माझ्यात काही फेरफार केला की ताई सगळ्यात आधी ही ओळ बघायच्या. चिमणी जागेवर असली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा, कारण मग बाकीचे चौकोनही आपापल्या जागी असणार. डॉक्टरांकडे वजन केलं की माझ्यातही वजन बदलायच्या. मालक हसायचे, पण कुणी गिऱ्हाईक शेंगदाण्याचं विचारू लागलं की हाक यायचीच, "ताई, जरा तुमच्या तक्त्यात बघा हो!" तेव्हा माझी छाती फुगायची.

मग दुकानात नवीन सॉफ्टवेअर आलं. आता माल किती उरला हे ते आपणहून सांगणार होतं, पुडीवरची चिठ्ठीसुद्धा छापणार होतं. ते बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं, "एकेक वस्तू हातानं भरत बसू नका. तुमची शीट तयारच आहे. रकान्यांची नावं आमच्यासारखी करा, रिकामा चौकोन ठेवू नका, की सगळा माल एका दमात आत."

ताईंनी रकान्यांची नावं बदलली, रिकामे चौकोन भरले. तो माणूस माझ्यावरून नजर फिरवत थबकला.

"मॅडम, ही चिमणी काय आहे? हा माल आहे?"

"ती राहू द्या."

"अहो, उद्या कुणी मागितली तर?"

"तर सांगायचं, विकायची नाही."

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. पाळणाघरातून होता. चिमणी पडली होती, गुडघा खरचटला होता, आणि आईशी बोलल्याशिवाय ती औषध लावू देत नव्हती. ताईंचा चेहरा उतरला. "कशाला हात लावू नका हं, मी आलेच," असं म्हणत त्या दाराबाहेर गेल्या. "कुठे लागलं माझ्या बाळाला? रक्त आलं? फुंकर घाल बघू," एवढं ऐकू आलं आणि दार लोटलं गेलं.

मालकांना संगणकातलं एकच काम येत होतं : नावं क्रमानं लावणं. त्याचा त्यांना भारी अभिमान. "तोवर मी नावं अआइई लावून देतो," म्हणत ते खुर्चीत बसले. त्यांनी नावांचा रकाना निवडला. फक्त नावांचाच. पडद्यावर एक चौकट आली : शेजारचे रकानेही बरोबर हलवायचे का? मालक असल्या चौकटींना माशीसारखं हाकलतात. वाचलं नाही. दुसरंच बटण दाबलं.

मित्रांनो, माझी सगळी नावं वरखाली पळाली आणि बाकीचे रकाने तिथल्या तिथे उभे राहिले. प्रत्येक धडावर दुसऱ्याचंच डोकं! ओट मिश्रणात शेंगदाण्याचं कूट असायचं, पण त्याचं नाव आता तांदळाच्या पिठाच्या ओळीत जाऊन बसलं होतं. तिथे लिहिलेलं होतं : नाही. मी आतल्या आत ओरडत होतो. बाहेर मी नुसता चौकोनांचा तक्ता होतो, नीटनेटका, एकही चौकोन रिकामा नसलेला.

"वा, छान लागली," बसवणारा म्हणाला आणि त्यानं मला आत सोडलं. सॉफ्टवेअरनं रकाने तपासले, चौकोन तपासले. हिरवी खूण उमटली : सर्व नोंदी यशस्वी.

त्याच वेळी ओळखीचे एक आजोबा काठी टेकत आले. "नात राहायला आलीये. तिला शेंगदाणा अजिबात चालत नाही. हे ओटचं घेऊ का?"

एरवी इथे हाक यायची, ताई, जरा बघा हो. आज मालकांनी मिश्रणाची पुडी भरली, नवं बटण दाबलं आणि चिठ्ठी चिकटवली. "शेंगदाणा नाही! बघा, संगणकच सांगतोय. नव्या यंत्राची पहिली चिठ्ठी तुमची, आजोबा!"

आजोबा खूश होऊन गेले. काठीचा आवाज लांब लांब जात राहिला आणि मला काही म्हणजे काही करता येईना.

ताई आत आल्या. "झालं पण!" मालक म्हणाले. उभ्याउभ्याच ताईंनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चिमणी शोधली.

चिमणी. वजन : पंचवीस किलो. फळी : खालची. शेंगदाणा : आहे.

त्या मालकांकडे वळल्या. "काका, यातून काही विकलंत का?"

"आत्ताच ओटची पुडी... आजोबांना... नातीसाठी."

ताईंनी आजोबांच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मालकांनी चप्पल घातली की नाही कुणास ठाऊक, ते धावत सुटले. ताई फोन कानाशी धरून माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या नखांचा टकटक आवाज टेबलावर होत होता. मला वाटलं, त्या घरी फोन उचलायला कुणी मोकळं का नाही? तिथे काय चाललं असेल?

अखेर मालकांचाच फोन आला. त्यांना धाप लागली होती. "मिळाली! वाटीत कालवून झालं होतं हो. गरम होतं म्हणून आजोबा फुंकर घालत बसले होते. मी वाटी हिसकावली तर त्यांनी काठीच उगारली माझ्यावर!"

ताई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

मग आत गेलेला सगळा माल पुसला. ताईंनी माझी कालची प्रत उघडली, रकान्यांची नावं पुन्हा बदलली, रिकामे चौकोन भरले, चिमणी बघितली, मला आत सोडलं आणि पुन्हा चिमणी बघितली. बसवणाऱ्यानं हळूच विचारलं, "मॅडम, चिमणीची शिल्लक किती टाकू?"

आता मी 'जुने' नावाच्या कप्प्यात पडून असतो. दुकान नव्या सॉफ्टवेअरवर चालतं. तरी डॉक्टरांकडून आल्या की ताई आधी मला उघडतात आणि चिमणीचं नवं वजन माझ्यात लिहितात. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या तक्त्यात काही भराल. हिरवी खूण फक्त एवढंच सांगते की चौकोन भरलेले आहेत. त्यात कुणाचा जीव आहे, हे तिला ठाऊक नसतं. म्हणून हात झटकून उठण्याआधी तुमची चिमणी एकदा शोधा.

आमची तिथे आहे. फळी : पाळणाघर. शेंगदाणा : नाही. शिल्लक : एक.