ठिपकी नावाची मांजर

“ठिपकी.”

फोनच्या पडद्यावर एवढेच उत्तर आले होते, आणि ते आप्पांचे होते. तिच्या वडिलांचे.

काउंटरपलीकडे बसलेल्या बाईंच्या नव्या चष्म्याचा स्क्रू तिने चिमट्यात धरला होता. तो निसटला आणि लादीवर कुठेतरी जाऊन पडला.

“हरवला का हो?” बाईंनी विचारले.

“असू दे, दुसरा लावते.” डबीतून दुसरा स्क्रू काढताना तिने पुन्हा पडद्याकडे पाहिले. उत्तर तेच होते. नावही तेच होते.

चष्म्याच्या या दुकानात काचा बसवण्याचे काम ती बरीच वर्षे करत होती. जेवणाच्या सुट्टीत विरंगुळा म्हणून तिने फोनवर सामान्यज्ञानाचा एक गट सुरू केला होता, ‘सांगा पाहू’ नावाचा. रोज दुपारी एक वाजता गटावर एक प्रश्न पडायचा. ऑक्टोपसला हृदये किती? मागे उडता येणारा पक्षी कोणता? असले काहीबाही. ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते अशी माणसे त्यावर तुटून पडत. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, गुण मांडायचे काम त्यांच्याकडे. त्यांचे नाव काटेकोर पडले होते. रुग्णालयातली एक नर्स इतक्या झटपट उत्तरे देई की तिला तोफखाना म्हणत. पावाच्या भट्टीवर काम करणारा एक जण होता. त्याचे उत्तर सहसा बरोबर नसे, पण विनोद करायची संधी तो सोडत नसे. बक्षीस वगैरे काही नव्हते. काटेकोर खाली ‘बरोबर’ असे लिहीत, तेवढ्यासाठी ही मंडळी जीव टाकत. नियम एकच होता: उत्तर डोक्यातले द्यायचे, शोधून द्यायचे नाही.

आई गेल्यावर आप्पा घरात एकटे पडले. पाणीपुरवठा खात्यात सगळी नोकरी झालेली. तिथे कुणाचे कुठे अडले की “आप्पांना विचारा” हे ठरलेले होते. म्हणून तिने त्यांना गटात घेतले. आधी आप्पा अडखळले, पण मग असे काही सुटले की गुणांच्या यादीत वर वर चढत गेले. ती खूश होती. नवऱ्याला म्हणाली होती, “बघ, म्हातारा अजून खणखणीत आहे.”

मग एक दिवस काटेकोरांचा फोन आला.

“चष्मेवाली, गटात कुणीतरी शोधून लिहितंय. मला वास येतोय.”

“कोण असेल हो?”

“नाव नाही घेणार. पण एक सापळा लावतो. माझं ते जुनं प्रश्नांचं पान आहे ना इंटरनेटवर, त्यावर एक थाप लिहून ठेवतो. धूमकेतू शोधणाऱ्या एका म्हाताऱ्याची मांजर, नाव ठिपकी. मांजर निव्वळ माझ्या डोक्यातली. जगात दुसरीकडे कुठं सापडायची नाही. जो ठिपकी म्हणेल, तो चोर.”

ती हसली होती. तिचा संशय तोफखान्यावर होता. सलाईन लावता लावता माणूस इतक्या भराभर उत्तरे देतोच कसा? “लावा सापळा,” ती म्हणाली होती.

आज एक वाजता तो प्रश्न पडला. भट्टीवाल्याने लिहिले, “मनी. मांजर म्हटलं की मनीच.” तोफखान्याने लिहिले, “काही कल्पना नाही बुवा.” आणि त्यानंतर आप्पा.

बाईंना चष्मा देऊन तिने पैसे घेतले, ते मोजायचे विसरली, आणि मागच्या खोलीत गेली. तोवर काटेकोरांचा फोन आलाच.

“बघितलंत?”

“बघितलं.”

“ते तुमचे वडील ना?”

“हो.”

पलीकडे कुठलेसे घड्याळ टोले देत होते. ते थांबेपर्यंत काटेकोर थांबले. “मला वाटलं नव्हतं हो. खरंच. पण गटाला सांगावं लागेल. दुसरं कुणी असतं तर सांगितलंच असतं ना आपण?”

“संध्याकाळपर्यंत थांबाल? आधी मी त्यांच्याशी बोलते.”

“दिवेलागणीपर्यंत थांबतो. त्यापुढं नाही.”

गट तिचा असल्यामुळे तिला कुणाचाही संदेश पुसता येत असे. तिने आप्पांच्या उत्तरावर अंगठा दाबून धरला आणि ते पुसून टाकले. पुसल्यावर आणखीच वाईट वाटले. तिथे आता ‘संदेश हटवला आहे’ अशी ओळ दिसत होती, न पुसलेल्या उत्तरापेक्षा जास्त डोळ्यांत भरणारी.

पुढच्या चष्म्यात तिने डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. मालकांनी ती उजेडाकडे धरून पाहिली.

“ताई, आज लक्ष कुठं आहे?”

“मी जरा आप्पांकडे जाऊन येऊ का? बरं नाहीये.”

“त्यांना, की तुम्हाला?”

ती पर्स उचलून निघाली.

बस रिकामी होती, तरी तिला बसवेना. बसली की उठावेसे वाटे, उठली की उगाच दांडा धरून उभे राहिल्याचा वैताग येई. ठिपकी हे काही अगदीच वेगळे नाव नव्हते, तिने स्वतःला समजावले. ठिपके असलेली मांजर म्हणजे ठिपकी, कुणीही अंदाजाने सांगेल. दोन थांबे तिने या आशेवर काढले. तिसऱ्या थांब्याला आशा उतरून गेली. लहानपणी तिच्या गणिताच्या पुस्तकातली मागची उत्तरांची पाने आप्पांनीच पट्टी लावून सरळ फाडून घेतली होती. “चुकलीस तर चूक तुझी, बरोबर आलं तर तेही तुझं,” म्हणाले होते. त्यांच्याशी आता काय बोलायचे? कसे सुरू करायचे? एक वाक्य जुळवावे तर त्याच्या पुढचे वाक्य जुळत नव्हते.

घंटी वाजवण्याआधीच दार उघडले. आप्पा तयारच उभे होते.

“माझं उत्तर कुणी पुसलं?”

“आप्पा, आत तरी येऊ द्या.”

“ये, ये. पण कुणी पुसलं? बरोबर उत्तर मीच आधी दिलं होतं. त्या काटेकोराचं काम आहे हे. त्याला माझं पुढं जाणं खुपतंय.” ते गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून परत अशा येरझाऱ्या घालत होते. “मी लिहिणार आहे त्याला. चांगलं खडसावून लिहिणार आहे.”

“मी पुसलं.”

आप्पा थांबले. “तू? का?”

“चुकीचं होतं.”

“चुकीचं कसं? ठिपकीच! अगं, तिथं सरळ लिहिलंय—”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होते, तिचा टूं टूं आवाज तेवढा येत राहिला.

“कुठं लिहिलंय, आप्पा?”

“वाचलं होतं कधीतरी.” ते खुर्चीवर बसले. “आयुष्यभर वाचतोय. कुठं काय वाचलं ते आता कसं सांगू?”

“ती मांजर नव्हतीच. काटेकोरांनी डोक्यातून काढली. शोधून लिहिणाऱ्याला पकडायला.”

टेबलावर दोन फोन होते. एक आप्पांचा. दुसरा आईचा, कडा झिजलेल्या फुलाफुलांच्या वेष्टनातला, चार्जरला लावलेला. आप्पांनी त्याच्यावर हात ठेवला, पण पडद्यावरचे काटेकोरांचे पान तिने तोवर पाहिले होते.

“सापळा होता म्हणजे,” आप्पा म्हणाले.

“हो.”

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि मला बोलली नाहीस.”

“तुम्हाला सांगायची वेळ येईल असं वाटलंच नाही हो.”

यावर आप्पांनी मान खाली घातली. तिला वाटले, आपण ओरडलो असतो तर बरे झाले असते. ती उठून पाणी प्यायली. आप्पांसाठीही भरून आणले. त्यांनी पेला हातात धरला, पण प्यायले नाहीत.

“सुरुवातीला नव्हतो बघत,” ते म्हणाले. “खरं सांगतो. चार-पाच दिवस सलग चुकलो. चुकलो तर चुकलो. मग एक दिवस तू लिहिलंस.”

“काय लिहिलं?”

“‘आप्पांसाठी उद्या सोपा टाकते.’ आणि शेजारी एक हसरा चेहरा.”

तिला आठवेना. मग आठवले. डबा खाता खाता, एका हाताने लिहिले होते.

“मी गमतीनं लिहिलं होतं, आप्पा.”

“गंमतच होती. म्हणून तर काही बोलता येईना. रागानं लिहिलं असतंस तर भांडलो असतो.” त्यांनी पेला खाली ठेवला. “खात्यात साहेब लोक माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे. घरी तुझी आई. शब्दकोडं घेऊन बसायची आणि आतून ओरडायची, ‘अहो, तीन अक्षरी नदी सांगा.’ मला नाही आलं तर म्हणायची, ‘राहू द्या, उद्या आठवेल.’ आणि आठवायचं गं, खरंच आठवायचं दुसऱ्या दिवशी, दाढी करताना. आता उद्यापर्यंत कोण थांबतंय? मी चष्मा शोधेपर्यंत ती तोफ धडाड करून मोकळी.”

तिला हसू आले आणि रडूही. बाहेर ऊन उतरू लागले होते. काटेकोर वेळेचे पक्के होते. ती परत उठली, गॅलरीचे दार लावले, उगाचच पुन्हा उघडले.

“हे बघा,” ती म्हणाली, “मी त्यांना सांगते की अंदाजानं लिहिलं म्हणून. योगायोग. माझा शब्द ते मोडायचे नाहीत.”

“म्हणजे तू खोटं बोलशील.”

“एवढंसं तर आहे.”

“एवढंसंच मीही केलं होतं.” आप्पांनी हात पुढे केला. “माझा फोन दे इकडे.”

“आप्पा, नका. गट सोडून द्या हवं तर. मी काढून टाकते तुम्हाला, कुणाला काही कळायचं नाही.”

“फोन दे.”

तिने दिला. एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत ते लिहू लागले. मध्येच थांबून विचारले, “‘गुण’ मधला ‘गु’ पहिलाच ना?”

“पहिलाच.”

त्यांना ते पक्के ठाऊक होते. तिलाही ठाऊक होते की त्यांना ठाऊक आहे. तिने जरा वेळ जाऊ दिला. शेवटी त्यांनी लिहिलेले तिच्यापुढे धरले. ‘ठिपकी मांजर मी शोधून काढली. याआधीची पुष्कळ उत्तरेही शोधूनच दिली. माझे सर्व गुण काढून टाकावेत. आप्पा.’

“‘सर्व’ कशाला? काही तर खरी होती ना?”

“आता ती निवडत कोण बसणार?” म्हणून त्यांनी बटण दाबले.

दोघेही पडद्याकडे बघत राहिले. माणसे वाचत होती, ते दिसत होते. कुणी काही लिहीत नव्हते. आप्पांचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग काटेकोरांचे आले: “गुण काढले. उद्या एक वाजता हजर राहा.”

आप्पांनी ते दोनदा वाचले. “माणूस सरळ आहे,” ते म्हणाले.

लगेच खाली भट्टीवाला उगवला: “म्हणजे मनीच बरोबर ना?”

आप्पांना हसू फुटले. ते आवरता आवरता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, आणि ठसका थांबला तरी ते पाणी बराच वेळ थांबले नाही. तिने पाठ चोळली. सावरल्यावर त्यांनी आईच्या फोनची वायर काढली, वेष्टनावरून अंगठा फिरवला आणि तो बंद केला.

“उगाच तिला कामाला लावलं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न काढायची पाळी तिची होती. सकाळपासून दुकानात गर्दी होती आणि तिच्या डोक्यात प्रश्नच घोळत होते. एखादा सोपा टाकावा असे चारदा वाटले. पाण्याच्या नळांवरचा, टाक्यांवरचा, त्यांना हमखास येईल असा. चारही वेळा तिने तो पुसला. एक वाजता तिने लिहिले, “ज्याचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो, असा ग्रह कोणता?”

एक मिनिट गेले. तोफखाना गप्प. भट्टीवाला गप्प. सगळे तिथे असूनही कुणी लिहीत नव्हते. मग वरच्या बाजूला अक्षरे आली: आप्पा टाइप करत आहेत. ती गेली. परत आली. परत गेली. आप्पा समोर नसताना तिला त्यांचे ते एक बोट दिसत होते. काउंटरवर एक गिऱ्हाईक नवा चष्मा लावून आरशात बघत होते.

“अहो ताई, हा कानामागं टोचतोय.”

“आलेच,” ती म्हणाली, पण जागची हलली नाही.

अक्षरे पुन्हा आली, आणि या वेळी त्यांच्यामागून संदेशही आला.

“माहीत नाही.”

तिने फोन पालथा ठेवला, गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी कुठे टोचते ते बोटाने चाचपले आणि फ्रेम गरम करायला आत गेली.