पाचवी सुरी

"किती वेळ उकळल्यात म्हणालात?" दुकानदाराने पुन्हा विचारलं.

"वीस मिनिटं. पाणी खळखळल्यावर घड्याळ लावलं होतं."

त्याने कपाळाला हात लावला. काउंटरवर माझ्या पाच सुऱ्या ओळीने पडल्या होत्या. पाचांच्याही लाकडी मुठी उभ्या तडकलेल्या, आणि एकीचं पातं तर मुठीतून सुटून हातात आलं होतं. सोबतची लाकडी फळीही मी पातेल्यात उभी करून उकळली होती. तिला आता मधोमध बाक आला होता.

"अहो बाई, चीज कापायच्या सुऱ्या आहेत ह्या. कुणाचं पोट नव्हतं उघडायचं."

"नवीन हत्यार घरात आलं की मी उकळते," मी म्हटलं. "एकतीस वर्षं तेच केलंय."

ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायचं माझं काम होतं. त्यांनी नुसता हात पुढे करायचा, मागे न बघता, आणि हवं तेच हत्यार तळहातावर पडायचं. निवृत्त होऊन आठ महिने झाले. आता माझ्यापुढे कुणी हात करत नाही. भाजीवाला करतो, पण तो पैशांसाठी.

दुकानदार माणूस भला होता. नाक मुरडलं, पण कामाला लागला. या वेळी त्याने मूठ आणि पातं एकसंध असलेल्या, अख्ख्या स्टीलच्या सुऱ्या काढल्या. भोकं पाडलेली सुरी मऊ चीजसाठी, म्हणजे ते पात्याला चिकटून बसत नाही. लांब बारीक पात्याची भुसभुशीत चीजसाठी. रुंद पात्याची पातळ काप काढायला. टोकाला दोन दात असलेली, कापलेला तुकडा उचलून ताटलीत द्यायला. आणि पाचवी आखूड, माझ्या करंगळीपेक्षा थोडी मोठी, त्रिकोणी पात्याची.

"ही टणक चीजची. हिने कापायचं नाही. टोक रुतवायचं आणि हलकेच पिळायचं, तुकडा आपोआप सुटतो. पण घरी एकट्याला खायचं तर एक सुरी पुरते बघा. पाच कशाला?"

"एकटी नाहीये मी," मी म्हटलं. "रविवारी माणसं येणार आहेत."

माणसं म्हणजे माझी भाची आणि तिचा नवरा. बहीण गेली तेव्हा भाची सहा वर्षांची होती. तेव्हापासून लग्नापर्यंत माझ्याकडेच वाढली. चीज बनवायच्या कारखान्यात नोकरीला लागली, आणि आता तिला दुसऱ्या कारखान्यात बोलावणं आलं होतं. गाडीने दोन दिवस लागतात इतका तो लांब. सोमवारी निघायचं होतं. त्याआधी रविवारी दोन तास माझ्याकडे, स्वतःच्या हाताने बनवलेलं चीज घेऊन. मीच मागून घेतलेले दोन तास होते ते. मला फार लागलं.

रविवारी मी सकाळपासून टेबल मांडत बसले. पांढरं कापड, त्यावर उजव्या हाताला पाच सुऱ्या, वापरायच्या क्रमाने, मुठी माझ्याकडे. वाकलेली फळी डुगडुगत होती म्हणून तिच्याखाली कागदाची घडी सारली. सुऱ्या उकळल्या होत्याच. यांना काही झालं नाही.

दोघं तीनला आली. भाचीने टेबल पाहिलं आणि दारातच थबकली.

"मावशी, हे काय गं? कुणाचं ऑपरेशन आहे?"

"बस मुकाट्याने. आधी हात धुऊन ये."

जावई गोरागोमटा, अबोल, सारखा घड्याळ बघणारा. पण हात मात्र धुऊन आला, कोपरापर्यंत. मला जरा बरा वाटायला लागला.

भाचीने तीन चीज काढली. मऊ, भुसभुशीत, आणि एक टणक, सात महिने मुरवलेलं. ती नुसता हात पुढे करायची आणि मी सुरी तिच्या तळहातावर ठेवायची. एकदाही चुकले नाही. ती हसत होती, तिच्या कारखान्यातल्या गमती सांगत होती. टणक चीजचा तुकडा तिने मला भरवला. खारट होतं, आणि मागून गोडसर.

"कसंय?"

"मीठ किंचित जास्त."

"माहीत होतं मला. चांगलं म्हणाली असतीस तर डॉक्टरला बोलावलं असतं."

मग जावयाने घड्याळ बघितलं. "मावशी, साडेपाचची बस आहे. निघायला हवं आता."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. भाची पर्स घ्यायला आत गेली, तो बूट घालायला दाराकडे वळला. आणि माझ्या हाताने ती आखूड सुरी उचलून हात पुसायच्या छोट्या कापडात गुंडाळली आणि एप्रनच्या खिशात टाकली. का, ते तेव्हाही मला चांगलं ठाऊक होतं.

"थांबा," मी म्हटलं. "एक सुरी कमी आहे. चारच भरतायत."

जावई म्हणाला, "सापडेल हो नंतर."

"नंतर नाही," भाची आतून येत म्हणाली. "मोजणी जुळल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही. बूट काढ."

हा नियम तिला माझ्याइतकाच पाठ होता. थिएटरमध्ये शेवटी मोजणी जुळली नाही तर सगळे अडकून पडतात, डॉक्टरसुद्धा. टाके घालायचे की नाही ते माझ्या शब्दावर. शाळा सुटल्यावर ही पोर दवाखान्याच्या बाकड्यावर माझी वाट बघत बसायची. उशीर झाला की मी एकच सांगायची, "मोजणी जुळत नव्हती गं." मग ती माझ्या खिशात हात घालून पेपरमिंटची गोळी पळवायची. मला कधी कळायचंसुद्धा नाही.

एकतीस वर्षांत मी एकदाही खोटी मोजणी सांगितली नव्हती.

जावई फ्रिजखाली बॅटरी मारून बघायला लागला. भाचीने सोफ्याच्या गाद्या उचलल्या. मी कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उलटा केला आणि एकेक साल बाजूला करत बसले, डोळ्यांत तेल घालून. साडेपाच वाजून गेले. बस गेली. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

शोधता शोधता जावयाला टेबलाखाली तिची लहानपणीची रंगपेटी सापडली. मग त्या रंगपेटीवरून गोष्टी निघाल्या, चहा झाला, उरलेलं चीज संपलं. सुरीचं नाव कुणी काढलं नाही. सव्वासातला तीच उठली.

"ही शेवटची बस, मावशी. आता जायलाच हवं. सकाळी गाडी आहे."

"जा," मी म्हटलं. "सापडेल सुरी."

तिने मला घट्ट मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. मी रडले नाही, ती थोडी रडली. जिन्याच्या वळणावरून तिने वर बघून हात केला, आणि खालचं दार लागल्याचा आवाज आला.

मी आत येऊन ताटल्या घासल्या. चार सुऱ्या धुऊन पुसल्या, पातेल्यात पाणी तापत ठेवलं. मग पाचवी काढायला खिशात हात घातला. हाताला कापड लागलं, नीट चौकोनी घडी केलेलं, आणि त्यात एक पेपरमिंटची गोळी. सुरी नव्हती.

मी तशीच खुर्चीत बसून राहिले. पाणी उकळायला लागल्यावर उठले, चार सुऱ्या त्यात सोडल्या आणि घड्याळ लावलं.

वीस मिनिटांनी कापड पसरून त्या ओळीने मांडल्या. शेवटी एकीची जागा मोकळी सोडली. मग थिएटरमध्ये म्हणत असे तसं मोठ्याने, स्पष्ट म्हटलं, "चार. एक बाहेर आहे."